उघड्या मैदानासाठी क्रोनोग्राफ कसा निवडावा

एअर रायफलच्या खोक्यावर ‘१००० फूट प्रतिसेकंद’ असा ठळक आकडा छापलेला असतो. दुकानदार तोच सांगतो आणि घेणाराही पुढे तोच सांगत राहतो. हा वेग किती वजनाच्या छऱ्याने मोजला, कशावर मोजला, हे मात्र खोक्यावर सहसा नसते. पुष्कळदा असा आकडा अगदी हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने काढलेला असतो, आणि सराव तर आपण शिशाच्या जड छऱ्याने करतो. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात किंवा आसपासच्या गावांत कुणा मुलामुलीने नेमबाजी मनावर घेतली, तर हातातल्या रायफलचा खरा वेग त्यांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला माहीत असायलाच हवा. तो सांगणारे यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ.

बाजारात क्रोनोग्राफ अनेक आहेत. घेताना बहुतेकांचे लक्ष यंत्र किती वेगापर्यंत मोजते याकडे जाते. खरे पाहायचे ते वेगळेच. आपल्या उन्हात आणि धुळीत ते आज आणि महिन्याभराने तोच आकडा देईल का? आणि आकडा चुकला तर तो चुकला हे आपल्याला कळेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील असेच यंत्र घ्यावे. उत्तरे कशी शोधायची, ते पुढे सांगितले आहे.

वेग मोजायचा कशासाठी

पहिले कारण कायद्याचे. २०१६च्या शस्त्र नियमांनी हवाई बंदुकीसाठी दोन मर्यादा घातल्या आहेत: नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० ज्यूल आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर. यांतली एक जरी ओलांडली तरी परवाना लागतो. व्यास खोक्यावर लिहिलेला असतो. ऊर्जा मात्र वेगावरून काढावी लागते. सूत्र शाळेतलेच आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग मीटर प्रतिसेकंदात घेतला की उत्तर ज्यूलमध्ये येते.

आता खोक्यावरचा आकडा तपासू. १००० फूट म्हणजे जवळपास ३०५ मीटर. या वेगाने ०.३४ ग्रॅमचा हलका छर्रा सुटला, तर ऊर्जा १५.८ ज्यूल होते, म्हणजे मर्यादेच्या आत. त्याच वेगाने ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा सुटला, तर ती २४.७ ज्यूल होते, म्हणजे मर्यादेबाहेर. छापील आकडा एकच, पण कायद्याच्या दृष्टीने दोन बंदुका झाल्या. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यासाठी २० ज्यूलची मर्यादा साधारण २७५ मीटर प्रतिसेकंदाला, म्हणजे ९०० फुटांना येते. आपली रायफल त्या छऱ्याला प्रत्यक्षात किती वेग देते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजलेला वेग मर्यादेजवळ आला, तर अंदाजावर राहू नका. परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे आणि चौकशी पोलीस ठाण्यामार्फत होते. नोंदवही घेऊन तिथे विचारणे हाच सरळ मार्ग.

दुसरे कारण गुणांचे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या एकूण गुणसंख्येतला शेवटचा अंक दशांशाचा आहे, आणि अंतिम फेरीत स्थान ठरते ते दशांशांवरच. ५० मीटरवर पॉइंट टू टू रायफलची गोळी सुमारे ०.१६ सेकंदात पोहोचते आणि तेवढ्या वेळात साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेग एक टक्क्याने कमी झाला की ती आणखी अडीच मिलिमीटर खाली लागते. त्या लक्ष्यावर एक दशांश गुण ०.८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे नेम अचूक असूनही तीन दशांश गेले. १० मीटर एअर रायफलमध्ये एका टक्क्याचा फरक सुमारे एका तृतीयांश मिलिमीटरचा पडतो, आणि तिथे एक दशांश गुण पाव मिलिमीटरचा असतो. नेमबाज स्वतःला दोष देत बसतो आणि दोष असतो छऱ्यांच्या डबीत किंवा हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये. क्रोनोग्राफ हे दोन वेगळे करून दाखवतो.

तिसरे कारण देखभालीचे. स्प्रिंग थकली, सील झिजले, रेग्युलेटर सरकला, तर त्याची पहिली खूण वेगात दिसते. लक्ष्यावरची जाळी, म्हणजे छर्रे लागलेल्या खुणांचा पुंजका, पसरते ती नंतर. दर महिन्याला दहा छऱ्यांचा वेग नोंदवणारा प्रशिक्षक बिघाड स्पर्धेच्या आधी पकडतो.

यंत्रांचे चार प्रकार

*उघड्या सेन्सरचे, उजेडावर चालणारे.* यात ठरावीक अंतरावर दोन सेन्सर आकाशाकडे तोंड करून बसवलेले असतात. छर्रा वरून गेला की सेन्सरवरचा उजेड क्षणभर घटतो. पहिल्या सेन्सरपाशी घड्याळ सुरू होते, दुसऱ्यापाशी थांबते. कॉल्डवेल आणि प्रोक्रोनो ही या प्रकारातली परिचित नावे. किंमत इतर प्रकारांच्या मानाने कमी आणि रचना समजायला सोपी. पण यातली अचूकता किती नाजूक आहे ते पाहा. सेन्सरमधले अंतर ३० सेंटिमीटर आणि वेग ३०० मीटर प्रतिसेकंद असेल, तर सगळे मोजमाप एका सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते. ते अंतर ३ मिलिमीटरने चुकले की उत्तर एक टक्का चुकते. म्हणून घडी घालता येणारे यंत्र घेताना बिजागरी हलवून पाहा. उघडल्यावर ती घट्ट बसत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाले तरी ते यंत्र सोडून द्या.

*बंद नळीचे, स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश असलेले.* हे रायफलच्या नळीच्या तोंडाशी बसते आणि छर्रा त्याच्या पोकळीतून जातो. एक्सकॉर्टेकचे एक्स ३२०० हे अशांपैकी एक. बाहेरच्या उजेडाशी याचा संबंध फार कमी, म्हणून भर उन्हात हवाई बंदुकीसाठी हे उपयोगी पडते. काळजी एकच आणि ती मोठी: बसवताना ते तसूभर जरी तिरके राहिले, तर छर्रा आतल्या भिंतीला घासतो किंवा यंत्रच फोडतो. प्रत्येक वेळी रिकाम्या रायफलवर बसवून, सरळ रेषा तपासूनच छर्रा भरावा. पॉइंट टू टू किंवा दारूच्या कोणत्याही काडतुसासाठी हा प्रकार वापरू नये.

*नळीला बांधायचे, चुंबकीय सेन्सरचे.* मॅग्नेटोस्पीड हे याचे प्रसिद्ध उदाहरण. नळीखाली पट्टीसारखा भाग बांधला जातो आणि धातूची गोळी वरून गेली की सेन्सर ती टिपतो. ऊन-सावलीचा याच्यावर परिणाम नाही. पण नळीवर वजन वाढल्याने गोळी लागण्याची जागा बदलते, त्यामुळे वेग मोजणे आणि जाळी तपासणे ही दोन कामे एकाच वेळी करता येत नाहीत. हा प्रकार मुळात काडतुसाच्या बंदुकांसाठी केलेला आहे. एअर रायफलच्या लहान छऱ्यावर चालेल असे गृहीत धरू नका. विक्रेत्याकडून लेखी हमी मिळाली तरच विचार करा.

*रडारवर चालणारे.* हे बंदुकीच्या बाजूला ठेवतात. रस्त्यावरच्या पोलिसांच्या वेगमापकाचेच तत्त्व इथे आहे: रेडिओ लहरी गोळीवरून परततात आणि त्यांच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून वेग निघतो. लॅबरडारने हा प्रकार सामान्य नेमबाजापर्यंत आणला. २०२३च्या अखेरीस आलेला गार्मिनचा झीरो सी-वन प्रो तळहातावर मावतो. एफएक्स या स्वीडनच्या एअरगन कंपनीचा लहान रडार खास हवाई बंदुकांसाठी आहे आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. रडारला उजेड, ढग, सावली कशाचेच बंधन नाही. छऱ्याच्या वाटेत काहीही ठेवावे लागत नाही, त्यामुळे यंत्र फुटण्याची भीतीही नाही. उघड्या मैदानासाठी आज हा सर्वांत निर्धास्त प्रकार आहे, आणि सर्वांत महागही. गार्मिनची अमेरिकेतली किंमत सुरुवातीला ५९९.९९ डॉलर होती. आयात शुल्क आणि वाहतूक त्यावर वेगळी. रडार रेडिओ लहरी सोडतो, म्हणून बाहेरून मागवताना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची मान्यता त्या मॉडेलला आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. कागद नसेल तर यंत्र सीमाशुल्कात अडकू शकते.

मराठवाड्याचे ऊन आणि धूळ

परदेशी माहितीपुस्तकात ‘हलके ढगाळ आकाश सर्वांत चांगले’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे तसे आकाश वर्षातले मोजकेच दिवस मिळते. उरलेल्या दिवसांत ऊन थेट सेन्सरवर येते आणि उजेडावर चालणारे यंत्र छर्रा गेला तरी काहीच दाखवत नाही, किंवा भलताच आकडा दाखवते. चकचकीत छऱ्याच्या पोटावर खालून परावर्तित झालेले ऊन पडले, तर सेन्सरला सावलीऐवजी चमक दिसते, आणि तिथेच घड्याळ चुकते.

केज तालुका विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांच्या जवळपास आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशी जाते. वर तोंड करून बसलेल्या सेन्सरसाठी याहून वाईट वेळ नाही. यंत्रासोबत येणारे पांढरे विसरक, म्हणजे सेन्सरच्या वर कमानीसारख्या बसणाऱ्या पट्ट्या, उन्हात नेहमी लावा. तरीही दुपारी आकडे उड्या मारू लागले, तर यंत्राच्या वर पांढरे कापड ताणून मोठी, एकसारखी सावली करा. कापड दोन्ही सेन्सरवर सारखे आले पाहिजे. एक सेन्सर उन्हात आणि एक सावलीत ही सर्वांत घातक मांडणी, कारण मग दोन्ही सेन्सर छऱ्याला वेगवेगळ्या क्षणी ओळखतात आणि चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते. आकडे एकसारखे येतात, म्हणून विश्वास बसतो, आणि सगळेच चुकलेले असतात.

सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन बाजूने सेन्सरवर येते. शक्य असेल तर माऱ्याची दिशा उत्तर-दक्षिण ठेवा. नेमबाजाच्या डोळ्यांनाही तीच बरी. पत्र्याच्या शेडखाली ट्यूबलाइट लावून मोजत असाल, तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला हे दिसत नाही, सेन्सरला दिसते. शेडमध्ये उजेडावरचे यंत्र वापरायचे असेल, तर त्याच कंपनीचे इन्फ्रारेड दिव्यांचे किट घ्या.

धुळीसाठी यंत्राच्या माहितीपत्रात ‘आयपी’ने सुरू होणारा आकडा पाहा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपीएक्स ७’ असे लिहिले असेल, तर अर्धा तास एक मीटर पाण्यात राहण्याची चाचणी झाली आहे, पण धुळीचे मानांकन दिलेले नाही. ‘एक्स’चा अर्थ तोच. दिसायला मोठा आकडा असला तरी फुफाट्यातल्या मैदानासाठी तो अपुरा आहे. असे यंत्र वापरात नसताना झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सेन्सरच्या काचा मऊ कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने धूळ पुसली की काचेवर चरे पडतात.

उष्णतेचाही विचार हवा. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्यावर ठेवलेले यंत्र बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते. माहितीपत्रात कामाच्या तापमानाची वरची मर्यादा पाहा आणि मधल्या वेळेत यंत्र सावलीत ठेवा. काही यंत्रांचे पडदे भर उन्हात वाचताच येत नाहीत. म्हणून दुकानात दिव्याखाली यंत्र पाहून समाधान मानू नका. बाहेर आणून उन्हात पडदा वाचून पाहा.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

विक्रेत्याकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

• सर्वांत कमी किती वेग मोजते? १० मीटरच्या एअर रायफलचा वेग १७० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असतो. मोठ्या वेगाच्या जाहिरातीपेक्षा ही खालची मर्यादा आपल्या कामाची.

• ४.५ मिलिमीटरचा छर्रा ते खात्रीने टिपते का? तसे माहितीपत्रात लिहिलेले आहे का?

• कंपनी किती टक्के चूक मान्य करते? अर्धा टक्का चांगला, एक टक्का चालेल. आकडाच दिलेला नसेल, तर त्या यंत्राला बाजूला ठेवा.

• मीटर आणि फूट दोन्ही एककांत दाखवते का? प्रत्येक छऱ्याचा आकडा साठवते, की फक्त शेवटचा?

• बॅटरी कुठली? बाजारात सहज मिळणारे सेल असतील, तर गावात अडचण येत नाही. आतली बॅटरी असेल, तर एका चार्जमध्ये किती छर्रे मोजते आणि ती बदलता येते का?

• विसरक, दांड्या, केबल सुट्या मिळतात का? उजेडावरच्या यंत्रात कधी ना कधी एखादा छर्रा दांडीला लागतोच.

• मोबाइल लागत असेल, तर नेटवर्क नसतानाही चालते का?

• बिल आणि हमीपत्र भारतातल्या विक्रेत्याच्या नावावर आहे का?

आकडा खरा की खोटा

यंत्र हातात आल्यावर खरे काम सुरू होते. ऊस कारखान्याला नेण्याआधी गाडी बाहेरच्या काट्यावर तोलून घेणारा शेतकरी दोन काट्यांची तुलना का करतो, हे आपल्या भागात कुणाला समजावावे लागत नाही. क्रोनोग्राफचेही तसेच आहे: एकटे यंत्र स्वतःची चूक सांगत नाही.

ओळखीच्या नेमबाजाकडून किंवा क्लबमधून दुसरा क्रोनोग्राफ काही वेळ मागून घ्या. दोन्ही एकामागे एक मांडा आणि एकाच डबीतले दहा छर्रे दोन्हींवरून सोडा. आता दोन रांगा शेजारी लिहा. पहिल्या यंत्रावर वेग वाढला तेव्हा दुसऱ्यावरही वाढला, घटला तेव्हा दोन्हींवर घटला, तर चढउतार रायफलचा किंवा छऱ्यांचा आहे आणि यंत्रे ठीक आहेत. एकावर वाढतो आणि दुसऱ्यावर घटतो, तर दोष यंत्रात किंवा मांडणीत आहे. मग यंत्रांच्या जागा बदलून पुन्हा दहा छर्रे सोडा. पुढच्या यंत्रावर आकडा किंचित कमी येणारच, कारण हवेतून जाताना छऱ्याचा वेग घटतो. जागा बदलल्यावरही तेच यंत्र सतत जास्त दाखवत असेल, तर तो त्याचा कायमचा फरक. तो नोंदवहीत लिहून ठेवा.

दुसरे यंत्र मिळालेच नाही, तर मोबाइलवर ढोबळ पडताळा घेता येतो. नळीच्या तोंडापासून बरोबर १० मीटरवर पत्र्याची बंद छर्रा-पेटी ठेवा. मोबाइल दोन्हींच्या मधोमध, ५ मीटरवर, माऱ्याच्या रेषेपासून बाजूला ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करा. बंदुकीचा आणि पत्र्याचा असे दोन ठोके उमटतील. मोबाइल दोन्हींपासून सारख्याच अंतरावर असल्याने आवाजाच्या प्रवासाचा वेळ दोन्हीकडे सारखा जातो, आणि दोन ठोक्यांमधला वेळ हा छऱ्याच्या प्रवासाचाच वेळ असतो. ध्वनी संपादनाच्या कोणत्याही मोफत अॅपमध्ये तो सहस्रांश सेकंदांत वाचता येतो. ६० सहस्रांश आले, तर सरासरी वेग १६७ मीटर प्रतिसेकंद. हा १० मीटर वाटेचा सरासरी वेग आहे, म्हणून नळीच्या तोंडाशी मोजलेल्या वेगापेक्षा काही टक्क्यांनी कमी असणार. तो जास्त निघाला किंवा दहा-पंधरा टक्क्यांहून कमी निघाला, तर क्रोनोग्राफची मांडणी पुन्हा तपासा.

तिसरी तपासणी वेळेची. तीच रायफल, तेच छर्रे, सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला. प्रत्येक वेळी रायफल तासभर सावलीत ठेवून मगच मोजा, म्हणजे तिच्या तापण्याचा परिणाम कमी होईल. उजेडावरचे यंत्र दुपारी एकदम वेगळे बोलू लागले, तर ते उन्हाला बळी पडते, हे विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कळणे बरे. हमीच्या मुदतीत ते परत तरी करता येते.

मैदानावरची मांडणी

सगळ्यांत आधी सुरक्षितता, कारण क्रोनोग्राफ माऱ्याच्या रेषेच्या पुढे असतो आणि तो हलवायला माणसाला पुढे जावे लागते. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: यंत्राला हात लावायचा तो सर्व बंदुका रिकाम्या, उघड्या आणि खाली ठेवल्यावर, मैदानावरच्या जबाबदार व्यक्तीने पुढे जा म्हटल्यावर. डोळ्यांना चष्मा, मागे छर्रा अडवणारी भक्कम पेटी आणि तिच्यामागे मातीचा बांध हवा. दारूच्या काडतुसाची कोणतीही बंदूक परवानाधारक रेंजवरच चालवावी. शेतात वेग मोजण्यासाठीही नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, दोन्हीही होऊ शकतात. आणि बीड जिल्ह्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. मोर, ससा, हरीण यांच्यावर एअरगन रोखणे हाही वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हाच. मुलांच्या हाती रायफल देताना वेगाच्या आधी हे शिकवा.

आता मांडणी. उजेडावरचे यंत्र हवाई बंदुकीसाठी नळीच्या तोंडापासून अर्धा ते एक मीटर पुढे ठेवा. रेंजवर काडतुसाच्या रायफलसाठी तीन मीटर किंवा त्याहून पुढे न्या, नाहीतर दारूचा झोत आणि न जळलेले कण सेन्सर आधी टिपतात. वाऱ्याने ट्रायपॉड हलू नये म्हणून मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगा. छर्रा सेन्सरच्या मधोमध, माहितीपुस्तकात दिलेल्या उंचीवरून गेला पाहिजे. गवंड्याकडची पाणपातळी यंत्रावर ठेवून ते समतल करा. छर्रा सेन्सरच्या रेषेला ५ अंशांनी तिरका गेला, तर आकडा सुमारे ०.४ टक्के चुकतो. ३०० मीटरच्या वेगात ही चूक मीटरभराहून अधिक, म्हणजे चांगल्या छऱ्यांच्या दोन डब्यांमधला फरक झाकायला पुरेशी.

रडार बाजूला ठेवताना पुस्तकातले अंतर आणि दिशा काटेकोर पाळा. बंदुकीचा प्रकार आणि अपेक्षित वेगाचा पल्ला यंत्रात योग्य निवडलेला असावा, कारण हवाई बंदुकीच्या छऱ्यावरून परतणारी लहर क्षीण असते. शेजारी दुसरा नेमबाज मारत असेल, तर त्याचा छर्रा आपल्या नोंदीत येऊ शकतो. मोजण्याच्या वेळेत शेजारच्याला थांबायला सांगणे सर्वांत सोपे.

आकड्यांचा अर्थ

पहिले दोन-तीन छर्रे हिशेबात धरू नका. त्यानंतरचे दहा लिहा. सरासरी काढा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक काढा. यंत्र प्रमाण विचलन दाखवत असेल, तर तेही लिहा. पण एकाच आकड्यावर भरवसा ठेवायचा असेल, तर दहा छऱ्यांचा कमाल फरक प्रशिक्षकाला चटकन कळतो. १० मीटरच्या चांगल्या सिलिंडर रायफलमध्ये हा फरक दोन-तीन मीटर प्रतिसेकंदाच्या आत असावा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये तो जास्त असणे स्वाभाविक आहे.

एकाच छऱ्याचा आकडा फार वेगळा आला, तर तो लगेच खोडू नका. छर्रा सेन्सरवरून नीट गेला का, ढग आला का, लक्ष्यावर तो कुठे लागला, हे पाहा. लक्ष्यावरही तो खाली लागला असेल, तर वेग खरोखरच कमी होता. लक्ष्यावर तो बाकीच्यांसोबतच असेल, तर यंत्र चुकले. लक्ष्य हा प्रत्येक नेमबाजाकडे असलेला दुसरा साक्षीदार आहे. त्याला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

नोंदवहीत तारीख, वेळ, तापमान, आभाळ, छऱ्याचे नाव, वजन आणि डबीवरचा लॉट क्रमांक, सिलिंडरचा दाब, यंत्राचे अंतर आणि दहा आकडे, एवढे तरी हवे. सिलिंडर रायफलसाठी वर्षातून एकदा पूर्ण दाबापासून खाली येईपर्यंत दर दहा छऱ्यांनी दाब आणि वेग लिहा. वेग कोणत्या दाबाखाली घसरतो ते कळले, की स्पर्धेत सिलिंडर केव्हा बदलायचा याचा निर्णय आधीच झालेला असतो. स्प्रिंगच्या रायफलचा वेग सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी खाली आला, तर स्प्रिंग आणि सील जाणकाराकडून तपासून घ्या.

कोणी काय घ्यावे

एकटा सराव करणाऱ्या आणि हवाई रायफलच वापरणाऱ्या मुलामुलीने बंद नळीचा इन्फ्रारेड क्रोनोग्राफ घ्यावा, तोही बसवण्याची शिस्त पाळणार असेल तरच. उघड्या मैदानावर सावलीची सोय आहे आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्यांना विसरकांसह उजेडावरचे चांगले यंत्र पुरेल. शाळा, क्रीडा मंडळ किंवा चार-पाच गावांचे नेमबाज मिळून घेणार असतील, तर रडारचा खर्च वाटून घ्यावा. वर्षभर, ऊन असो की आभाळ, ते काम देईल आणि अनेक रायफलींची नोंद एकाच मापाने होईल. पॉइंट टू टूचा सराव पुण्याच्या बालेवाडीसारख्या रेंजवर जाऊन करणाऱ्यांनी तिथल्या प्रशिक्षकांना यंत्राची परवानगी आणि जागा आधी विचारावी. चालू रेंजवर पुढे काही मांडणे हे कुणी एकट्याने ठरवायचे काम नाही.

आणि पैसे थोडे असतील, तर क्रम हा ठेवा: आधी भक्कम छर्रा-पेटी आणि चष्मे, मग चांगले, एकाच लॉटचे छर्रे, आणि मग क्रोनोग्राफ. दहा छऱ्यांचा प्रामाणिक आकडा नोंदवहीत दर महिन्याला उतरत गेला, की गावात सराव करणाऱ्या मुलालाही शहरातल्या मुलाइतकीच खात्री मिळते की आजचा गुण गेला तो त्याच्या हातून, बंदुकीतून नव्हे. तेवढे कळले की सुधारणा कुठून सुरू करायची, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.